तांबडा रडतोय कशापायी?

"धाकटे, राती तुमचा तांबडा रडत आला का गं?"

अक्कांनी तारेच्या कुंपणावर गोधडी टाकली आणि तिच्यावरून मान काढून विचारलं. पलीकडं धाकटी मेथी निवडत होती. तिनं हातातली पेंडी खाली ठेवली. हा विषय कुणीतरी काढावा म्हणून ती सकाळपासून परसात घुटमळत होती.

तांबडा म्हणजे बैल नव्हे, ट्रॅक्टर. तीन सिलिंडरचा, पस्तीस हॉर्सपॉवरचा, धाकटीच्या सासऱ्यांनी घेतलेला. त्याचा तांबडा रंग आता फक्त बॉनेटच्या आतल्या अंगाला शिल्लक आहे. बाहेरून गंज, ऑइलचे ओघळ आणि मागच्या मडगार्डवर 'आईचा आशीर्वाद'. वाळवा तालुक्यात, त्यांच्या कृष्णाकाठच्या गावात, असे म्हातारे ट्रॅक्टर गल्लीला दोन-तीन तरी आहेत. वर्षभर नांगर आणि रोटर ओढायचा, आणि ऊस सुरू झाला की दोन ट्रॉल्या लावून कारखान्याचा रस्ता धरायचा.

"तुमाला बी ऐकू गेला?"

"मला? अगं, गल्लीतली कुत्री उठून बसली."

"काय सांगू अक्का. दसऱ्यापासनं हे चाललंय. कारखान्याचा बॉयलर पेटला, आता मोळी टाकतील. मुकादमाला उचल देऊन बसलोय. टोळी आली, फडात ऊस हुबा, आन् तांबड्याचं हे असं. मालकांना झोप न्हाय."

"आन् तुला?"

"मला बी न्हाय. पण मला कोण इचारतंय ट्रॅक्टरचं?"

"मी इचारते की. घरात काय म्हणत्यात?"

"ज्याच्या तोंडाला येईल ते. आत्याबाई म्हणत्यात, दिष्ट लागली. खालच्या आळीला तो नवा पन्नास हॉर्सपॉवरचा आलाय न्हवं, हप्त्यावर? त्यांची सासू आमच्या दारावरनं जाताना म्हणाली म्हणं, 'अजून चालतोय व्हय?' झालं. आत्याबाईंनी त्याच राती पुढच्या अ‍ॅक्सलला लिंबू-मिरची बांदली."

"मग?"

"लिंबू वाळला. आवाज हाय तिथंच हाय."

"आन् तुझं मामंजी?"

"ते म्हणत्यात, डिझेलात पाणी हाय."

अक्कांनी गोधडीची सुरकुती सरळ केली. "पाणी असतं तर इंजन अडकत चाललं असतं, ओढ धरली न्हसती. आन् ते बगायला काय लागतंय? डिझेल फिल्टरच्या बुडचा बोल्ट ढिला करायचा. पाणी जड, ते तळाला बसतं, आधी तेच बाहेर येतं. पण पाण्यानं किरकिर व्हत न्हाय. बरं, पारावर काय निगालं?"

"क्राऊन-पिनियन."

"निगणारच! पारावर कुणाचा बी ट्रॅक्टर वाजू दे, क्राऊन-पिनियनच जातं. कारण सगळ्यात महाग तेच. दुसऱ्याच्या खिशातनं जायाचं असलं की माणूस सस्तं कशाला सांगंल?"

"मग मालकांनी तालुक्यावरनं मिस्तरी आणला."

"बाई गं! मला कसं कळलं न्हाय?"

"तुमी डेरीला गेलावता. आला, मोबाइलवर बोलत बोलतच बॉनेट उघडलं, हातानं रेस ओढली, डोळं मिटून ऐकलं. म्हणला, इंजन उघडावं लागंल. लायनर-पिस्टन, क्रँकची बेरिंगं, सगळं एकदाच करून घ्या. आकडा सांगितला तो मी तुमाला सांगत न्हाय. आत्याबाईंच्या पाटल्या आठवल्या मला."

"सीटवर बसला का?"

"कोण?"

"मिस्तरी."

धाकटीनं आठवून बघितलं. "न्हाय. खालीच हुबा राहिला. हाताच्या दांडीनं रेस दिली."

"हूं," अक्का म्हणाल्या.

अक्कांचा हा हुंकार गल्लीला माहीत आहे. त्यांचे मालक एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. घरी यायचे तेही कुणाचा ना कुणाचा पंप, नाहीतर ट्रॅक्टर दारात घेऊनच. अक्का भाकऱ्या टाकता टाकता बाहेर पाना द्यायच्या. कुठल्या नंबरचा, ते मालकांनी सांगायच्या आतच. आता मालक राहिले नाहीत, पण त्यांचा लांब दांड्याचा पेचकस अजून अक्कांच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. ज्या खोक्यात आवाज जोरात, तिथं दुखणं.

"माझ्या माहेरी 2511 होता," अक्कांनी सुरू केलं. "एचएमटीचा. सगळी त्याला झेटर म्हणायची. झेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीचं डिझाइन, आन् 1971 पासनं पिंजोरच्या कारखान्यात बनायला लागला. ते झेकोस्लोव्हाकिया म्हणताना माझ्या बापाची जीभ अडखळायची, पण ट्रॅक्टर कदी अडखळला न्हाय. दोन सिलिंडर. मळ्याच्या टोकाला असला तरी माझी आई चुलीपाशी बसून सांगायची, आता नांगर जमिनीला लागला, आता उचलला. आता तो कारखानाच ऱ्हायला न्हाय, 2016 ला सरकारनं बंद करायचं ठरवलं."

"तुमच्या आईला कसं कळायचं वं?"

"रोज ऐकून. तुला न्हाय का कळत? तुझ्या मालकांची मोटरसायकल वळणावर आली की तू चहाचं पाणी ठेवतीस. मला हितनं दिसतं."

धाकटी लाजली आणि मेथीची चार पानं काडीसकट टोपलीत टाकली.

"तर आता मला सांग," अक्का तारेला टेकल्या, "हा आवाज कवा येतो?"

"कसा येतो सांगू? किर्रर्र करून, मदीच खरखर..."

"कसा ते ऱ्हाऊ दे. किरकिर, खरखर, घरघर, हे सगळं ऐकणाऱ्याच्या कानावर हाय. तुझ्या आत्याबाईंला रडणं ऐकू येतं, पारावरच्याला दात मोडल्याचं ऐकू येतं. कवा येतो ते सांग. कवा सुरू व्हतो, कवा बंद पडतो. सकाळी चालू केल्या केल्या येतो?"

"चालू करताना येतो. सेल मारला, इंजन लागलं की लगीच एकडाव किर्रर्र. मग गप."

"गप म्हंजे इंजन चालू हाय, तरी गप?"

"व्हय. मग पोरगं खाली उतरतंय, पाणी बगतंय, ट्रॉली लावतंय. तवर इंजन चालूच असतं, पण त्यो आवाज न्हाय. नुसतं आपलं इंजनाचं धडधड."

"मोठ्या रेसला?"

"मिस्तरीनं रेस केली तवा बी न्हवता. म्हणून तर त्यो धडधडीलाच आवाज समजला."

"सुटलं!" अक्कांनी एक बोट मोडलं. "इंजन सुटलं. क्रँकचं बेरिंग गेलं असतं तर रेसबरोबर ठोका वाढला असता, भार आला की आनखी वाढला असता, ऑइल प्रेशरचा काटा खाली बसला असता. काटा बसलाय?"

"न्हाय. मालक रोज बगत्यात."

"नोझलचा ठोका असंल तर एकेका सिलिंडरचा डिझेल पाइप ढिला करून बगत्यात. ज्याचा ढिला केला की ठोका गेला, तो खराब. पण ते मिस्तरीचं काम. तिथं हात न्यायचा न्हाय, त्या प्रेशरचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. आमच्या मालकांच्या डेपोत एकाचं बोट चिरावं लागलंवतं. बरं, वॉटर पंप आन् फॅनचा पट्टा बी सुटला, कारण ते इंजनाबरोबर सारखंच फिरत्यात. त्यांचा आवाज सारखाच ऱ्हायला असता."

"आमच्या मामंजींनी पयल्यांदा पंपच म्हटलंवतं."

"पंपाला पट्टा काढून बगायचं. इंजन मिनिटभर तसंच चालवायचं, जास्त न्हाय, तापतं. आवाज गेला तर पंप न्हायतर डायनामो. तुझ्या मामंजींच्या वक्ताला आयशर असायचा, एक सिलिंडरवाला, त्याला पाणीच न्हवतं, हवेवर गार व्हायचा. भारतात पयला ट्रॅक्टर त्यांचाच बनला, 1959 ला, फरीदाबादला. त्याच्या वॉटर पंपाचा आवाज कुणी ऐकला असंल तर मला सांग! म्हणून आधी बगायचं, आपल्या गाडीला काय हाय आन् काय न्हाय. पुढं. रस्त्यानं चालताना येतो?"

"येतो की. काल ऐकला न्हवं तुमी?"

"मी डेरीपासनं ऐकला, तुमच्या दारात येस्तवर. एकसारखा. वळताना वाढला?"

"न्हाय."

"मग डिफरन्शियल बी सुटलं. त्याची छोटी पिनियनं गेली की वळताना टकटकतं, सरळ रस्त्याला गप. हायड्रॉलिक?"

"म्हंजे?"

"लिफ्ट. नांगर वर उचलून धरला की कण्हतो का?"

"न्हाय. लिफ्ट चांगली हाय. परवा आत्याबाईंनी तीवर गव्हाची दोन पोती बसवून गिरणीला धाडली."

"बरं केलं. आता एक नीट आठवून सांग. राती दारात आला, मग पोरगं खाली उतरलं. तवा?"

"तवा गप झाला." धाकटीचे हात थांबले. "अक्का, इंजन चालूच होतं. ट्रॉली सोडली. पोरगं खाली होतं तवर आवाज न्हवता. परत सीटवर बसलं, मागं घेताना परत आला."

"म्हंजे पोरगं सीटवर असलं की रडतो, खाली उतरलं की गप."

"अगो बाई. दिष्ट पोराला लागलीय व्हय?"

"पोराची दिष्ट कुठं लागलीय ते मागनं बगू. तुझं मालक चालवत्यात तवा?"

"मालक चालवत्यात तवा एवढा न्हाय. गेर बदलताना तेवढा किर्र करतो."

अक्कांनी गोधडी तारेवरून ओढून घेतली, घडी करून खांद्यावर टाकली. "पोरगं कुठाय?"

पोरगं म्हणजे धाकटीच्या नणंदेचा मुलगा. आयटीआयला दोन वर्षं काढून मामाकडं ट्रॅक्टरवर आलेला. त्या वेळी ते ओट्यावर मोबाइल बघत बसलं होतं. मामीनं हाक मारली तेव्हा ते दुसऱ्या हाकेला उठलं, आणि अक्का बोलावतायत म्हटल्यावर पायांत चप्पल घालायचं विसरलं.

"ट्रॅक्टर चालू कर," अक्कांनी कुंपणापलीकडून हुकूम सोडला. "आधी न्यूट्रल बग. पीटीओ बंद हाय का ते बग. धाकटे, तू मागं हो. पदर खोच."

"मी लांब हाय की."

"लांब हाय म्हणूनच सांगते. मागचा शाफ्ट लागला तर मिनिटाला 540 फेरे घेतो. त्याला पदर आन् सोगा यातला फरक कळत न्हाय. आन् आईचा आशीर्वाद मडगार्डवर लिव्हला म्हणून काय शाफ्टाला झाकण नको? ते झाकण कुठं गेलं रं?"

"गोठ्यात हाय," पोरगं पुटपुटलं.

"गोठ्यात म्हशीला घातलंय व्हय? सांच्याला बसव."

सेल लागला. किर्रर्र झालं, थांबलं, आणि इंजिनाची धडधड सुरू झाली. शेवग्यावरचे कावळे उडाले. आत्याबाई दारात आल्या आणि लिंबाकडं बघून आत गेल्या.

"पाय सगळं वर. दोन्ही," अक्का ओरडल्या.

धडधड. बाकी काही नाही.

"आता क्लचवर पाय नुसता टेकव. दाबू नको. पेडलची मोकळी चाल संपंल एवढाच."

किर्रर्रर्र. अख्ख्या गल्लीचे दात शिवशिवले.

"काढ."

गप.

"परत टेकव. ... काढ. ... आता पुरा दाब. गेर टाक. क्लच सोडू नको हां, भिंत माझी हाय!"

आवाज तसाच राहिला, थोडा जाड झाला. अक्कांनी मान हलवली. "गेर काढ. क्लच सोड. बंद कर आन् खाली ये."

इंजिन थांबल्यावर परसात एवढी शांतता झाली की मेथीच्या टोपलीत बसलेली कोंबडीसुद्धा ऐकू आली. धाकटीनं तिला हुसकलं.

"रिलीज बेरिंग गेलंय," अक्कांनी जाहीर केलं. "पाय टेकवल्या टेकवल्या आला, म्हंजे तेच. पुरा दाबून, गेर टाकल्यावरच आला असता, तर फ्लायव्हीलच्या पोटातलं पायलट बेरिंग. आन् उलटा असता, पाय काढल्यावर आवाज आन् दाबल्यावर गप, तर गेरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. तिन्ही एका हाताच्या अंतरावर हायत, पण कवा बोलायचं ते ज्याचं त्याचं ठरलेलं हाय."

"आन् इंजन उघडायचं ते?" धाकटीनं विचारलं.

"कशाला? मिस्तरी चांगला असंल, पण खाली हुबा ऱ्हायला. क्लचचा पेडल सीटवर बसणाऱ्याच्या पायाखाली असतो. जे त्यानं दाबलंच न्हाय, ते त्याला ऐकू कुठनं येणार?"

पोरगं चाकाशी उभं राहून टायरची माती नखानं काढत होतं.

"हिकडं ये," अक्का म्हणाल्या. "ते बेरिंग काय करतं, ठावं हाय का?"

"आयटीआयला शिकवलंय."

"मग सांग तुझ्या मामीला."

पोरानं घसा साफ केला. "इंजनाच्या मागं फ्लायव्हील. त्याच्यावर क्लच प्लेट आन् प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटला फिंगर असत्यात, ते इंजनाबरोबर फिरत्यात. क्लच दाबला की बेरिंग पुढं सरकतं, फिंगरवर टेकतं, दाबतं. मग प्लेट सुटती."

"आन् पाय काढला की?"

"मागं येतं."

"मागं येतं आन् बसतं. ते सुनेसारखं हाय. कामापुरती हाक मारायची, बाकीच्या येळेला टेकू द्यायचं. म्हणून पेडलला साधारण इंचभर मोकळी चाल ठेवत्यात. आता हातानं दाबून बग, किती हाय?"

पोरानं वाकून पेडल दाबला. "अर्धं बोट."

"प्लेट झिजंल तशी चाल कमी व्हती. ती रॉडवरच्या नटानं वाढवून घ्यायची असती. ते कुणी केलं न्हाय. पण तेवढ्यानं हे बेरिंग एवढं जळलं न्हाय. हे बेरिंग कुणीतरी दिवसभर फिरवत ठेवलंय. आतलं ग्रीस तापून गेलं, गोळ्या कोरड्या पडल्या. तुझा डावा पाय कुठं असतो रं, रस्त्यानं जाताना?"

पोरगं काही बोललं नाही. पण त्याच्या उजव्या पायानं डाव्या पायाला झाकून टाकलं.

"क्लचवर," धाकटीनं उत्तर दिलं. "मी बगितलंय. सीटवर बसलं की पाय पेडलवर. मला वाटलं तशीच बसायची पद्धत हाय."

"तरी बेरिंगनं महिनाभर आधी सांगितलं असंल. बेरिंग एका रातीत मरत न्हाय. आधी बारीक सुं करतं, मग कुरकुरतं, मग किंचाळतं. तुला ऐकू आलं न्हाय?"

"ते... टेप असतो ना, अक्का."

टेप म्हणजे मडगार्डवर बांधलेले दोन मोठे स्पीकर. उसाच्या दिवसांत रात्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचं गाणं येतं. झोप लागू नये म्हणून, असं सगळे ड्रायव्हर सांगतात. पोराच्या स्पीकरची वायर दसऱ्याला उंदरानं कुरतडली.

"म्हणजे दसऱ्याला आवाज सुरू झाला न्हाय," धाकटीनं सावकाश जुळवलं. "दसऱ्याला गाणं बंद पडलं."

"आता कसं बोललीस!" अक्कांना हे फार आवडलं. "सगळं घर इचारत बसलं, दसऱ्याला ट्रॅक्टरला काय झालं. उंदराला कुणी इचारलंच न्हाय."

पोराला वाटलं चौकशी संपली. ते हळूच वळलं.

"थांब की जरा. मी डेरीला रोज सांच्याला जाते. डेरीम्होर चढ हाय. परवा मी दुधाची किटली घिऊन हुबी, तर तांबडा चढावर हुबा. ब्रेक न्हाय, न्यूट्रल न्हाय. अर्धा क्लच दाबून, रेसवर तोलून धरलेला. मागं पुरी भरलेली ट्रॉली. आमचं दूध मापून झालं, फॅट लागली, पावती झाली, तरी हुबाच. म्हटलं, पोरगं वाट कुणाची बगतंय?"

"गाडी आडवी आलीवती," पोरगं म्हणालं.

"कुठली गाडी? डेरीच्या वरच्या खोलीत शिलाईची मशीन हाय, ती चाकावर चालत न्हाय."

धाकटीचा हात तोंडावर गेला. "आमची झंपरं शिवती ती?"

"तीच. माझं झंपर दिवाळीआधी देते म्हणाली, अजून हुकं लावायची ऱ्हायलीत. मी म्हटलं, एवढी नेटकी पोरगी, हिला उशीर कसला व्हतोय. आता कळलं. खिडकीला बसती न्हवं मशीन लावून. ती बिचारी मान वर करत न्हाय, हाच खालनं हॉर्न देतो, आन् मग पाण्याची बाटली भरून पायजे म्हणतो. भरल्या ट्रॉलीसकट अर्ध्या क्लचवर! अरं, भेटायचं तर न्यूट्रल कर, हँडब्रेक वड, चाकाला दगड लाव, आन् खाली उतरून माणसावानी बोल. क्लच प्लेटीला कशाला जाळतोस?"

पोराचा चेहरा तांबड्याच्या मूळ रंगावर गेला. "मी पाणी भरून आणतो," म्हणालं आणि घागर न घेताच आडाकडं निघून गेलं.

दोघी काही वेळ नुसत्या हसल्या. मग धाकटीनं पदरानं डोळे पुसले आणि खर्चावर आली.

"किती लागतील अक्का?"

"बेरिंग सस्तं हाय. मजुरी महाग. तिथवर पोचायला ट्रॅक्टर मदोमद फोडावा लागतो. इंजन म्होरं, गेरबॉक्स मागं. तेवढं मिस्तरीकडनंच करून घ्या, घरी करू नका. पुढच्या अ‍ॅक्सलला दोन्ही अंगाला लाकडी पाचरी मारायला सांग, न्हायतर फोडल्यावर इंजन कलतं. दोन्ही भागांखाली चांगलं स्टँड. विटा न्हाय. वीट भार आला की फुटती."

"आन् तुमी म्हणाला ते पायलट?"

"एकदा फोडलाच तर रिलीज बेरिंग, पायलट बेरिंग, क्लच प्लेट, सगळं बगून बदलून घ्या. फ्लायव्हीलवर काळे डाग पडलेत का, मागचं ऑइल सील गळतंय का, तेबी. प्लेटीवर ऑइल आलं तर नवी प्लेट बी घसरती. आज दोन पैसं वाचवायचं म्हणून नुसतं बेरिंग घातलं, आन् ऐन हंगामात प्लेट गेली, तर तीच मजुरी परत. तवा टोळी फडात बसून खाती, आन् ऊस वाळतो."

"मालकांना कसं सांगू? म्हणतील, तुला काय कळतंय."

"सांगू नको. सीटवर बसव. म्हणावं, इंजन चालू करा, पाय वर घ्या, आता नुसता क्लचवर टेकवा, आता काढा. त्यांच्याच पायानं त्यांनाच ऐकू दे. पुरुषांना स्वतःला सापडलेलं दुखणं लगीच पटतं. मग मिस्तरी आला की त्याला बी तसंच करून दाखवतील, आन् सगळ्यांना सांगत फिरतील, मी ओळखलं म्हणून. फिरू दे. आपलं पैसं वाचलं."

"आन् त्या पोराचं?"

"त्याचं वेगळंच. पोरगी चांगली हाय. हाताला काम हाय, बापाची बागायत दोन एकर, विहिरीला पाणी. तुझ्या वन्सं पोरी बगत फिरत्यात न्हवं कराडपातूर?"

"फिरत्यात की. गेल्या रविवारीच एक बगून आल्या."

"मग फोन लाव त्यांना. अजून गोष्ट किरकिरीवर हाय तवर बरी. सगळ्या गावाला ऐकू गेली की मग फोडायची पाळी येती."

धाकटीनं मेथीची टोपली उचलली, कोंबडीनं चोचलेली पानं बाजूला काढली आणि कमरेला खोचलेला मोबाइल हातात घेतला. नंबर लावता लावता थांबली.

"अक्का, वन्संना पयलं काय सांगू? बेरिंग गेलं म्हणून, का पोरगं हातचं गेलं म्हणून?"

"पयलं बेरिंगचं सांग," अक्का म्हणाल्या. "त्याचा खर्च ऐकून घाबरल्या की लग्नाचा आकडा सस्ता वाटंल."